एक सीट बाकी

मुरबाड स्टँडच्या बाहेर आता जिपा मोजक्याच उभ्या असतात. घरटी मोटारसायकल आली, पोरं थेट कल्याण गाठतात, आणि काळूराम आपल्या ओटीवर बसून त्यांनी उडवलेल्या धुरळ्याकडे बघत राहतो. जीप विकून त्याला फार वर्षं झाली नाहीत. पण सकाळ झाली की जीव अजून स्टँडकडे ओढ घेतो. गेलेले दिवस परत येत नाहीत हे त्याला कळतं, तरी ते आठवले की तो एकटाच हसतो.

जीपचा धर्म साधा. भरली की सुटायची. भरली नाही तर ड्रायव्हरने "कल्याण, कल्याण" करत घसा फोडायचा आणि आत बसलेल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. काळूरामची जीप मात्र भरूनही सुटत नसे. पुढे, त्याच्या शेजारी, दाराकडची एक जागा रिकामी असायची. तिथे कुणी टेकू लागला की हा ओरडायचा, "तिथं नको बाबा, स्प्रिंग वर आलेय, टोचंल!" मग भागीरथी यायची, भाजीची पाटी टपावर चढवायला द्यायची आणि नेमकी त्याच जागेवर बसायची. तिला कल्याणपर्यंत काही टोचत नसे.

भागीरथी पलीकडच्या गावची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. दिराच्या घरी राहून ती भाजी पिकवायची आणि कल्याणच्या बाजारात विकायची. काकडी, शिराळी, पावसाळ्यात रानातली कंटोळी. इकडे काळूरामचं लग्न राहूनच गेलं होतं. आधी बहिणींची उरकली, मग आई अंथरुणाला खिळली, आणि ती गेल्यावर आरशात बघतो तो कानशिलं पिकलेली. विधवा बाईशी पाट लावणं आमच्याकडे काही नवं नाही. पण त्यासाठी कुणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि काळूरामचं तोंड "कल्याण" एवढ्याच शब्दाला उघडायचं.

आपल्या मनातलं कुणाला ठाऊक नाही, असा त्याचा पक्का समज होता. भोळा बिचारा! मुंबईच्या हापिसात शिपाई असलेला गणू रोज मागून कुरकुरायचा, "काळूराम, माझी फास्ट लोकल जाईल रे!"

"चाक गरम झालंय, जरा थंड होऊ दे," हा म्हणायचा.

सकाळच्या पहिल्याच फेरीला चाक कशाने गरम होणार? पण कुणी विचारलं नाही. गणूही खिडकीबाहेर बघत हसू लपवायचा.

त्या वर्षी भात झोडून घरात आलं होतं. एका सकाळी भिमी म्हातारी, तीही भाजीवालीच, जीपमध्ये चढता चढता म्हणाली, "ऐकलास का? भागीरथीला भावानं सापगावला बोलावलंय, कायमची. आजचा बाजार शेवटचा तिचा."

सापगाव पार शहापूरकडे. तिथून बाजाराला जायचं तर लोकलने. मुरबाडची जीप तिच्या वाटेवर येणारच नव्हती. आज बोललं नाही तर पुन्हा कधीच नाही.

भागीरथी आली. पाटी चढली. ती शेजारी बसली. आणि या बहाद्दराने काय करावं? मुकाट्याने किल्ली फिरवली. तोच मागून भिमीची थाप खांद्यावर पडली.

"बंद कर गाडी."

"का गो मावशे?"

"बघ, मला मावशी बोलतोस. ह्या पोरीला ताई, त्या बाईला वहिनी, वाटेतल्या म्हातारीला आत्या. भागीरथीला इतक्या वर्सांत कदी वहिनी बोललास? ताई बोललास? नुसतं 'बसा' आन् 'उतरा'! आमी काय बहिरं हाव काय रे?"

जीपमध्ये खसखस पिकली. खरंच होतं ते. गावात नातं लावल्याशिवाय बाईमाणसाला हाक मारत नाहीत, आणि याने नातं लावायचं टाळून टाळून अख्ख्या जीपला सगळं सांगून ठेवलं होतं.

गणू म्हणाला, "माझी फास्ट जाऊ दे आज. पण विचारल्याबिगर गाडी सुटायची नाय."

काळूरामचे कान लाल झाले. स्टिअरिंगकडे बघतच तो बोलला, "सापगावला नको जाऊस."

भागीरथी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाहेर बघत होती. "मग कुठं जाऊ?"

"घरी."

"कुणाच्या?"

"माज्या. पाट लावून नेतो. तुज्या भावाशी मी बोलतो."

भागीरथी एवढंच म्हणाली, "गाडी चालू करा. काकडी सुकंल माझी." आमच्याकडच्या बाया याहून मोठा होकार देत नाहीत. भिमीने मागे डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

स्टँड मागे पडला, मागची मंडळी आपापल्या गप्पांत रमली, तेव्हा काळूरामने हळूच विचारलं, "तुला रोज उशीर कशापायी व्हायचा गो?"

"उशीर? मी कवाच उशिरा नाय आली. तुमच्या आधी येऊन रसवंतीच्या मागं उभी राहायची."

"कशाला?"

"जीप भरल्यावर माझी जागा कुणाला देता काय, ते बघायला." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "एक दिवस जरी दिली असती ना, भावाकडं कवाच गेली असती मी."

इतकी वर्षं धाकधुकीत काळूराम तिची वाट बघत होता, आणि तेवढाच वेळ ती त्याला बघत उभी होती. पुढे मोकळा रस्ता होता, मागे गणूची फास्ट चुकत होती, तरी कल्याण येईपर्यंत त्याने गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.