तिसरा रंग राहिला

गुरुवारी दुपारी बँकेत डबा उघडला होता, तेवढ्यात आमच्या छापकामाच्या वर्गाच्या ग्रुपवर हेतलबेनचा मेसेज आला. ‘आपणा आप्पा हवे नथी.’ आपले आप्पा आता राहिले नाहीत. हेतलबेन आमच्या गुजराती शिक्षिका, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी तो मेसेज तीनदा वाचला. मग डबा तसाच झाकला, साहेबांना काहीतरी कारण सांगितलं आणि रिक्षा करून उधन्याला आप्पांच्या घरी निघाले. रिक्षात डोक्यात एकच घोळत होतं, रविवारी मी आप्पांना ‘येते’सुद्धा म्हटलं नव्हतं.

भिकन आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी. उधन्याच्या एका साडी छापणाऱ्या कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. लांबच लांब टेबलावर कापड ताणून चिकटवायचं, जाळीचा फरमा ठेवायचा, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला त्यांचा ओरिसाचा जोडीदार रघू. दोघांनी मिळून रंगाची पट्टी ओढायची, फरमा उचलायचा, पुढे सरकायचं. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून सुनेने हेतलबेनच्या रविवारच्या वर्गात त्यांचं नाव घातलं. मी तिथे गेले ती डॉक्टरांनी ‘मन शांत ठेवायला काहीतरी छंद लावून घ्या’ म्हटल्यामुळे. मी मुळातच उतावळी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्या घरी नवऱ्याला नव्हे, मला लागू आहे. अशा बाईने लाकूड कोरायला बसावं हाच मोठा विनोद होता.

पहिल्याच रविवारी आप्पांनी सगळ्यांना हसवलं. छापताना कागद हलू नये म्हणून त्यांनी कारखान्यातल्या सवयीने टेबलाला खळ फासली आणि त्यावर कागद पक्का चिकटवून टाकला. छाप सुरेख उठला, पण कागद काही सुटेना. शेवटी पाणी मारून, खरवडून, तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. आप्पा कावरेबावरे झाले होते. मी मात्र पोट धरून हसले… आता आठवलं की कान तापतात, कारण पुढच्याच तासाला मी घाईघाईत पटाशी बोटात घुसवून घेतली आणि पट्टी बांधायला तेच धावले.

मग हेतलबेननी एकाच फळीतून अनेक रंग काढायची रीत शिकवली. आधी जे कोरं राहायला हवं तेवढं कोरून काढायचं आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग त्याच फळीवर जे पिवळंच राहायला हवं ते कोरायचं आणि वर लाल छापायचा. मग पुन्हा कोरायचं आणि काळा. दर रंगाला फळी खात जायची. शेवटी हातात कागद उरतात, फळी उरत नाही. म्हणून किती कागद काढायचे ते पहिल्या दिवशीच ठरवायचं. हे ऐकून आप्पा गंभीर झाले. तीच मागणी पुन्हा आली तर काय, हा त्यांचा प्रश्न. म्हणाले, “मग ऑर्डर परत उनी तर?”

“तो नवुं लाकडुं, काका,” हेतलबेन हसल्या.

जन्मभर ज्यांनी एकच बुट्टा हजारो साड्यांवर उमटवला, फरमे धुऊन पुढच्या मागणीसाठी जपून ठेवले, त्यांना हे पचायला दोन रविवार लागले. नंतर मात्र त्यांना त्या रीतीचं वेडच लागलं. चित्र कसलं, तर कारखान्यातलं तेच टेबल आणि फरमा उचलणारे दोघे जण. बारा कागद. पिवळा झाला, लाल झाला. आता टेबल आणि दोन लाल आकृत्या दिसत होत्या. चेहरे, बोटं, कपडे सगळं काळ्यातून यायचं होतं.

शाई लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रूळ फिरवताना ते कान द्यायचे. “दखा, जास्ती व्हयनी, चपचप करस,” असं माझ्या शाईबद्दल लांबूनच सांगायचे. मला राग यायचा आणि त्यांचंच खरं असायचं.

त्या शेवटच्या रविवारी काळ्याची पाळी आप्पांची होती. छापायचं यंत्र वर्गात एकच. पण मला माझं चित्र त्या दिवशी संपवायचंच होतं. कशासाठी? कशासाठीही नाही. संपवायचं होतं, बस्स. हजीऱ्याच्या किनाऱ्यावरून दिसणारी धुराडी कोरली होती मी, आठ कागद. मी म्हटलं, “आप्पा, आज मला घेऊ द्या.” त्यांनी माझ्या लालावरून करंगळी फिरवून पाहिली. “ताई, कसाले घाई करतस? वलं शे अजून.” रंग ओला होता, तरी मी ऐकलं नाही. त्यांनी आपली फळी फडक्यात गुंडाळली. “बरं, तुम्ही काढी ल्या आधी. मना काळा पुढला रविवारले.”

काळा लालात मिसळला. आठही कागद चिखल झाले. मी ते टराटरा फाडले, टोपलीत कोंबले आणि पर्स उचलून निघून गेले. आप्पा मोरीवर माझाच रूळ धूत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, एवढं मला दिसलं होतं.

त्यांना पुढचा रविवार मिळाला नाही. गुरुवारी सकाळी चहा घेता घेताच गेले. या आठवड्यांत लोक मला समजावतात, ‘असं कोणाला माहीत असतं?’ बरोबर आहे, कोणाला माहीत नसतं. पण त्यांची पाळी मी घेतली, हे मला माहीत आहे, आणि ते कुठेही ठेवलं तरी टोचतं. हेतलबेन म्हणाल्या, काळा तुम्ही पुरा करा. चार रविवार मी ती फळी पुढ्यात घेऊन बसले. पटाशी टेकवायची, उचलायची. त्यांच्या चेहऱ्यावर मी काय कोरणार!

शेवटी बाराही कागद गुंडाळून मी आप्पांच्या पत्नीकडे, यशोदाबाईंकडे गेले. मनाशी ठरवलं होतं, कबूल करून टाकायचं. त्यांनी एक कागद पलंगावर पसरला. चेहरा नाही, काही नाही, नुसत्या लाल आकृत्या. त्यांनी लगेच बोट ठेवलं. “हाऊ रघू. अन् ह्या त्या. खांदा दखा ना, असाच वाकाडा व्हता.” ‘त्या’ म्हणजे आप्पा. मग बराच वेळ त्या खांद्यावरून हात फिरवत राहिल्या. काळ्यावाचूनच त्यांनी माणूस ओळखला होता, काळ्याचा प्रश्न तिथेच मिटला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “त्या रविवारले घर उनात अन् बोलनात, ताईनं चित्र आज भारी उनं. माले ते दखाडा ना, ताई.”

मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? टोपलीतला चिखल पाहूनही त्या माणसाने घरी जाऊन माझं कौतुक सांगितलं होतं. ते खोटं होतं असं त्यांच्या बायकोला मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि दाखवू तरी काय? कागद फाडलेले, फळी शेवटच्या रंगापर्यंत कोरून संपलेली. तिच्यातून आता पिवळा परत काढणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

म्हणून नवी फळी आणली आहे. तीच धुराडी, तेच आठ कागद. आप्पा जे बोलून गेले ते मला खरं करायचं आहे. पिवळा झाला, लाल झाला, कागद दोरीवर लटकताहेत. मी खाली स्टुलावर बसते, उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. दोन रविवार असेच गेले. बोट पुढे करते, लाल बोटाला येतो, पुन्हा बसते. पण यंत्राला हात लावत नाही.

काल यशोदाबाईंचा फोन आला. “ताई, चित्र कव्हय दखाडतस?”

“अजून सुकतंय,” मी म्हटलं.