गुण आला

उजव्या हाताचं बोट डोळ्याखाली ठेवायचं, पापणी जरा खाली ओढायची आणि विचारायचं, "डोळ्यानं बगितलं का?" आमच्या घरमालकीण वहिनींची ही सवय नेरे गावातल्या आम्हा सगळ्या भाडेकरूंना पाठ होती. नळाला पाणी नाही म्हणा, जिन्यात साप निघाला म्हणा, पापणी ओढलीच. एका जोडप्याने खोली मागताना आम्ही नवरा-बायको आहोत असं सांगितलं, तर वहिनींनी त्यांना लग्नाचा व्हिडिओ लावायला लावला, सप्तपदीपर्यंत बघितला आणि मगच चहा टाकला.

माझं पार्सल आल्याचं मोबाईलवर दिसलं की मी निवांत बसायचे. वहिनी मात्र फाटकापर्यंत जाऊन यायच्या. "मोबाईल म्हनतोय आलं. तितं तर काय न्हाई." आणि बऱ्याचदा त्यांचंच खरं निघायचं. अशा माणसांचा तुम्हालाही वैताग आला असेल. मला यायचा.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. इमारतीतल्या सगळ्या खोल्या भाड्याने दिल्या, एक तेवढी कुणाला दिली नाही. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

शेवटी हायवेकडच्या एका मोठ्या केंद्रात उपचार सुरू झाले. सुया टोचून झाल्या, सासूची बोलणी खाऊन झाली आणि काचेच्या बशीत दोन गर्भ तयार झाले. एक पोटात ठेवायचा, दुसरा गोठवायचा, असं ठरलं होतं.

मग केंद्रातून फोन आला. फोन करणाऱ्या मुलीला गावाकडच्या बायकांशी शुद्ध मराठीत बोलायला शिकवलेलं. ती म्हणाली, "तुमच्या गर्भांचे गुण आले आहेत. उद्या या." आता आमच्या गावात गुण येतो तो औषधाचा. गुण आला म्हणजे इलाज लागू पडला. वहिनींनी फोन ठेवला आणि गल्लीभर पेढे वाटले. डोळ्यांनी न बघता त्यांनी काही मानल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांचं इंग्रजी कळावं म्हणून मला सोबत नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर आकडे दाखवले. गुण म्हणजे मार्क होते. एआयने गर्भांचे फोटो तपासून मार्क दिले होते. दोन्ही नापास. इतके कमी मार्क असलेले ठेवत नाहीत, म्हणून टाकून दिले होते.

वहिनींचं बोट डोळ्याखाली गेलं. "तुमी डोळ्यानं बगितलं का?"

"ताई, माणसाच्या डोळ्यापेक्षा ते अचूक असतं."

"तुमी बगितलं का?"

त्यांनी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. टाकण्याआधी यांना विचारलंत का, असं मी म्हटलं, तर काल फोनवर कळवलं होतं की, म्हणाले.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. यंत्राचा मला राग नाही. त्याने फोटो चाळावेत, डॉक्टरला सावध करावं. पण निकाल माणसाने डोळ्यांनी बघून द्यावा, आणि जिचे गर्भ तिला आधी विचारावं. आमच्याकडे बटणाचा रंग बदलायचा तरी दोन माणसं बघतात. इथे एका बाईची सगळी आशा कुणी न बघता कचऱ्यात गेली. ते गर्भ कदाचित खरंच टिकले नसते. मला माहीत नाही. संताप याचा येतो की तिथेही कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याची कुणाला लाजही नव्हती. हे सगळं मी तिथे ओरडून बोलले. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आल्यावर पेढे खाल्लेल्या बायका विचारायला आल्या. प्रत्येकीला वहिनींनी स्वतः सांगितलं, "माजीच ऐकन्यात चूक झाली." चूक म्हणे त्यांची! अजून ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

ती राखलेली खोलीही पुढे भाड्याने गेली. नव्या भाडेकरूला त्यांनी काहीच विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात माझं पार्सल पोचल्याचं मोबाईलवर दिसलं. दाराशी काही नव्हतं. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, त्यांना मी मुद्दाम मोबाईल दाखवला. त्यांचा हात मांडीवरच राहिला.

"आलं म्हनतोय न्हवं? मग आलं असंल."

फाटकापर्यंत मीच जाऊन आले. तिथे काही नव्हतं.