विहिरीतली गोणी

आज आमच्या घरात नव्या फिल्टरचं पाणी आलं. पहिल्या घोटाला जीभ जुना मचूळपणा शोधत राहिली, आणि मी लग्नानंतरच्या एका दुपारी जाऊन पोचले.

माझं माहेर ढाणकीकडचं, तिथलं पाणी गोड. सासरच्या तांड्यावर एकच विहीर होती. तिचं पाणी किंचित खारट लागायचं, घामेजल्या मनगटाला ओठ लावावेत तसं. मला हे ठाऊक नव्हतं. मी माहेरच्या अंदाजानं डाळीत मीठ टाकलं. पहिल्याच घासाला सगळ्यांचे हात थांबले. पहिल्याच दिवशी माझं नाव गेलं, असं वाटलं.

सासरे मात्र भाकर मोडत राहिले. म्हणाले, "आपले जुने लोकं बैलावर मीठ लादून गावोगाव फिरत होते, पोरी. त्यातली एक गोणी या विहिरीत पडली. म्हणून इथं अर्धंच मीठ टाका लागते. तुले कोणी सांगतलं नसन."

मी ते खरंच मानलं. पुढे कितीतरी वर्षं पाणी शेंदताना मी वाकून ती गोणी शोधायची, आणि खालच्या हिरव्या पाण्यात मला बैलांची रांग हलताना दिसायची.

आजची डाळ फिल्टरच्या पाण्यातली होती, पण सवयीच्या हातानं मीठ अर्धंच पडलं. नवी सून घास घेऊन थबकली.

"आई, मीठ कमी पडलं का जी?"

सासरे जाऊन जमाना झाला. मी त्यांच्यासारखीच सावकाश भाकर मोडली.

"विहिरीतली गोणी कोणीतरी काढून नेली, पोरी."