धुक्यातली मोजणी

एसटीत कंडक्टर झाल्यापासून मला एक खोड लागली आहे. चार माणसं एकत्र दिसली की मी मनातल्या मनात त्यांची डोकी मोजते. लग्नात, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत. ओठ हलत नाहीत, पण मोजणी चालू असते. एकदा पक्षी बघत फिरणाऱ्या एका पाहुण्याने आमच्या जव्हार गाडीत तिकीट काढता काढता विचारलं, "ताई, इथल्या डोंगरावरून आश्विन-कार्तिकात शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. मोजणारं कोणी नाही. तुम्ही मोजाल का?" तेव्हा मी हसले, पण नाही म्हटलं नाही.

सोबतीला मैत्रीण मिळाली. ती मोखाड्याच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. दर रविवारी मी ड्युटी बदलून घेई, ती स्कूटी घेऊन येई, आणि आम्ही दोघी डोंगराच्या धारेवर चढून बसत असू. धारेच्या एका अंगाला सोपा उतार, त्यावर नाचणीची शेतं आणि खाली पाण्याचा झरा. दुसऱ्या अंगाला सरळ कडा. पाहुण्याने दिलेलं मोजणीचं यंत्र मुठीत मावे. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरके. ससाणे, गरुड, भोवत्ये, कधी एखादा नुसता ठिपका. ठिपकाही आम्ही सोडत नसू.

त्या रविवारी वर पोचलो तेव्हा आकाश निळं होतं आणि खाली दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. मैत्रीण म्हणाली, "ऊन चढलं की विरेल." विरलं नाही. उन्हं वर आली तसं धुकंही वर आलं, आणि बघता बघता धार गिळून गेलं. मला माझ्या मांडीवरची दुर्बीण दिसत होती, त्यापुढे काही नाही.

"आता काय दिसणार?" मैत्रीण म्हणाली. "मी झऱ्यावरून पाणी घेऊन येते. तू हलू नकोस."

ती उताराच्या बाजूने गेली. बाटल्यांचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग तोही थांबला. खालच्या शेतातून एरवी कापणीच्या बायकांचं बोलणं येतं. त्या दिवशी तेही नव्हतं.

मग डोक्यावरून काहीतरी गेलं. वारा नव्हे, कारण गवत हललं नाही. ओला पदर झटकावा तसा आवाज. पुन्हा एक, पुन्हा एक. मी मान वर केली तर एक पक्षी माझ्या खांद्याच्या उंचीवरून, पंख वर धरून, अगदी सावकाश गेला आणि समोरच्या गवतात उतरला. भोवत्या. हे पक्षी झाडावर बसत नाहीत, जमिनीवर गवतात बसतात, एवढं मला माहीत होतं. धुक्यामुळे वाट सापडेना म्हणून खाली उतरत होते. माझ्या चारी बाजूंनी उतरत होते. धुकं जरा पातळ झालं की गवतातून पिवळे डोळे दिसत, दाट झालं की जात. इतके शिकारी पक्षी एकत्र, आणि कुणाच्या घशातून आवाज नाही.

बटण दाबलं तर टक् वाजेल म्हणून मी मनातच मोजायला लागले. थर्मासचं झाकण गुडघ्याला लागून जरासं वाजलं, तर सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. त्यानंतर मी श्वासही जपून घेत होते. तीस झाले. पस्तीस. एकेचाळीस.

"अगं, इकडे ये."

मैत्रिणीचा आवाज. नेहमीचा, थोडा घोगरा, रविवारी सकाळी असतो तसा. मी उठणारच होते. मग लक्षात आलं की आवाज कड्याच्या बाजूने आला. ती तर झऱ्याकडे गेली होती.

"अगं, ये ना इकडे."

आधीपेक्षा जवळून. आणि माझ्या अंगावर काटा आला तो आवाजामुळे नाही. माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या पक्ष्याने मान वळवली नाही. एकानेही नाही. झाकण वाजल्यावर दचकलेले ते पक्षी, एवढ्या जवळून माणूस हाक मारत होतं तरी जसेच्या तसे बसले होते. जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

मी दोन्ही हातांनी गवत घट्ट धरून बसले. मोजणी कधी थांबली ते कळलं नाही. तिसरी हाक आली नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग उताराच्या बाजूला, लांबवर, चपलेखाली एक खडा घसरला, आणि तेवढ्या आवाजाने सगळे पक्षी एकदम उठले. पंखांचा वारा तोंडावर आला. त्यांच्यामागून मैत्रीण आली. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात एकच बाटली.

"तू कड्याकडे कशाला गेली होतीस?" तिने विचारलं.

"मी इथून उठलेच नाही."

"मग मोजत कोण होतं?"

ती माझ्याजवळ बसली, अगदी चिकटून, आणि सांगायला लागली. पाणी घेऊन परत येताना तिला माझा आवाज आला होता. मी मोठ्याने आकडे म्हणत होते. पायवाट दिसत नव्हती, म्हणून ती त्या आवाजाच्या मागे चालत राहिली.

"गवत संपून खडक लागला तेव्हा वाटलं, आपण बसतो तिथे तर खडक नाही. पण तू मोजत होतीस, म्हणून चालले. मग तू एकदम थांबलीस. एकेचाळीसनंतर काहीच नाही. मी पाय उचलला होता तो तसाच मागे घेतला. बाटली हातातून सुटली. पडल्याचा आवाज आला, पण खूप उशिराने, खूप खालून. मग आल्या पावली मागे उतारावर उतरले आणि बांध धरून वर आले."

मी तिला मांडीवरचं यंत्र दाखवलं. त्यावर शून्य होतं. तिला म्हटलं, "मी मनात मोजत होते. एकेचाळीसपर्यंत." आणि मग, का थांबले तेही सांगितलं. आम्ही एकमेकींचा हात धरून, पायाने बांध चाचपत खाली उतरलो.

उतारावरच्या शेतात एक काकी नाचणी राखायला मांडवाखाली बसलेल्या असत. आमची तोंडं बघून त्यांनी काही न विचारता चुलीवर कोरा चहा टाकला. मैत्रिणीने सगळं सांगितलं. काकी ऐकत होत्या, काटक्या पुढे सारत होत्या.

"ओ दिलीस का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग झालं." त्यांनी चहा गाळला. "धुईत आमच्यात नाव घेऊन, बोलून हाक मारत नाहीत, बाय. कुकारा घालतात. कूऽ करायचं. ते बोलणं शिकतं, कुकारा नाय शिकत."

"ते म्हणजे काय?" मैत्रिणीने विचारलं.

काकींनी धारेकडे बघितलंही नाही. "चहा प्या," म्हणाल्या, "थंड होतो."

मैत्रिणीने मला स्कूटीवरून जव्हारला सोडलं. मी घरी पोचल्यावर नवऱ्याला एवढंच सांगितलं की धुकं होतं, मोजणी झाली नाही. रात्री जेवताना त्याने स्वयंपाकघरातून मला हाक मारली, तर मी आधी दारात जाऊन तो दिसतो का बघितलं आणि मगच ओ दिली. ही सवय अजून गेलेली नाही.

पुढच्या रविवारी मैत्रीण येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, नेहमीपेक्षा लवकर. म्हणाली, "नाही गेलो तर कायमचं बंद होईल." वर जाऊन ती दिवसाउजेडी कड्यापाशी गेली, पोटावर झोपून खाली वाकली. बाटली दिसली नाही. करवीच्या झुडपांचं रान होतं, त्याखाली दगड. कड्याच्या त्या अंगाला कुणी उभं राहून हाक मारावी, तर एक पाऊल टाकण्याइतकीही जागा नव्हती.

तेव्हापासून आम्ही एकटीने झऱ्यावर जात नाही, आणि मनात मोजत नाही. मोठ्याने मोजतो, आळीपाळीने. एकीने श्वास घेतला की दुसरी पुढचा आकडा म्हणते. म्हणजे आवाज कुणाचा ते दोघींना दिसतं.

हंगाम सरता सरता एक लख्ख दिवस आला. लहान ससाण्यांचे थवे इतक्या उंचावरून जात होते की मान भरून आली. मध्येच आकाश रिकामं झालं आणि आम्ही दोघी एकदमच गप्प झालो. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोघींचेही कान कड्याकडे. वाळल्या गवताची सळसळ होती, बाकी काही नाही. मग उत्तरेकडून एक ठिपका आला, आणि ती घसा साफ करून पुढचा आकडा म्हणाली.