बाबांचा पलंग आणि सरकवलेली भिंत

आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुली रडवेल्या तोंडाने माझ्याकडे येतात. "ताई, भिंती काढल्या, पण फरशीच येत नाहीये." मी त्यांची खुर्ची बळकावते आणि कोपरा मोठा करून दाखवते. दोन भिंतींच्या टोकांत केसाएवढी फट राहिलेली असते. आपल्याला ती दिसत नाही, पण भिंती पुऱ्या जुळल्याशिवाय सॉफ्टवेअर खोलीला खोली मानतच नाही. फट मिटवली की फरशी मुकाट्याने येते. दादरच्या या ऑफिसात घरांचे थ्रीडी नकाशे काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कोणी सांगेपर्यंत कोण थांबतंय!

मी हे शिकले ते लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीवर. तेव्हा मी ऑफिसात नवीनच होते; ऑफिसने टाकायला काढलेला कॉम्प्युटर आणून मी आईच्या शिलाई मशीनवर मांडला होता. चाळ पाडून टॉवर होणार होता. चाळीच्या कमिटीकडे मजल्यावरच्या सगळ्यांचा होकार गेला होता, अडले होते ते फक्त आमचे बाबा. कोकणातून आलेले बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे शिवाजी पार्कच्या एका इमारतीत वॉचमन म्हणून त्यांनी लोकांची घरं राखली, आणि वय झाल्यावर घरीच असत.

आईचे गुडघे पार गेले होते. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथपर्यंत ती भिंत धरत धरत जायची. नव्या घरात संडास आत असणार, एवढ्या एका गोष्टीत तिचा जीव अडकला होता. बाबा मात्र रोज नवं कारण काढत. लिफ्ट बंद पडली तर? पाणी वर चढलं नाही तर? शेजारी कोण येईल, काय माहीत! दादा-वहिनी समजावून थकले. मी म्हटलं, सांगून पटत नाही ना, मग दाखवूच.

हात बसावा म्हणून आधी आमची जुनी खोलीच काढायला घेतली. तिने माझा घाम काढला. चाळीची एकही भिंत सरळ नाही, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक रेघ ओढून काटकोनात नेऊन बसवायचं. ती आपोआप चिकटण्याची सोय बंद करायची असते, हे कळेपर्यंत मी त्या कॉम्प्युटरला भरपूर शिव्या हासडल्या. पोटमाळा तर त्याच्या गावीच नव्हता. शेवटी तो वेगळा मजला म्हणून काढला आणि त्याची उंची कमी केली. मग छप्पर लपवून वरून पाहिलं तर काय, आमची मोरी, ओटा, कपाट, सगळं जागच्या जागी! मी ओरडूनच बाबांना बोलावलं.

बाबांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ बघितलं.

"ह्या घर अर्धाच आसा," ते म्हणाले.

"अर्धं कसं? सगळं तर आहे."

"गॅलरी खय आसा?"

मी म्हटलं, गॅलरी काय आपल्या एकट्याची आहे का? आणि तिला चार भिंती नाहीत, मग सॉफ्टवेअर तिथे फरशी घालत नाही. बाबा जागचे उठले नाहीत. म्हणून मी खटपट करत बसले. न दिसणारी भिंत काढायची एक सोय सापडली. तिने गॅलरीचा तुकडा बंद केला, तशी फरशी आली. कठडा घातला, खांब उभा केला, पाण्याचं पिंप ठेवलं. बाबांनी खांब आणि पिंप यांच्या मध्ये बोट टेकवलं.

"हय मी निजतंय," ते म्हणाले. "नव्या बिल्डिंगेत खय निजतलंय?"

आमच्याकडे बापे बाहेर गॅलरीत झोपायचे आणि बायका-पोरं आत. कोणी तसं ठरवलं नव्हतं, खोलीच तेवढी होती. बाबा लग्न झाल्यापासून तिथेच झोपत होते. नव्या इमारतीत गॅलरी नव्हती, दाराबाहेर नुसता लिफ्टचा पॅसेज. आपलं माणूस म्हणून आम्ही बाबांना नव्या घरात धरलंच होतं, पण बाबांनी स्वतःला धरलं नव्हतं. लिफ्ट आणि पाणी ही सगळी वरवरची कारणं होती.

मग नवं घर काढायला घेतलं. बिल्डरच्या चित्रातला ऐसपैस सोफा पहिल्या झटक्यात उडवला. खिडकीखाली, बाहेरची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्या मध्ये, बाबांचा पलंग ठेवला. पलंग लाल झाला, म्हणजे बसत नव्हता. दादा म्हणाला, "अगं, थोडा आखूड कर ना, बसेल." मी त्याच्यावर खेकसलेच. पलंग आखूड करता येतो, बाबा कसे आखूड करणार? पुऱ्या इमारतीत त्यांच्याइतका उंच माणूस नव्हता. ऑफिसातल्या मुलींनाही मी हेच बजावते: वस्तू बसत नसेल तर तिला दाबून बसवू नका, आजूबाजूला बघा, काय हलतंय ते.

हलणारी होती ती स्वयंपाकघराची भिंत. ती इमारतीचा भार पेलणारी नव्हती, नुसता आडोसा. मी ती वीतभर आत सरकवली, ओटा तेवढा कमी केला, वहिनीला आधी विचारून. कोपरे पुन्हा जुळवले. पलंगाचा लाल रंग गेला. मग प्रिंट घेऊन बिल्डरच्या आर्किटेक्टकडे गेले. त्याने उलटसुलट बघून मान हलवली, म्हणाला, करून देऊ. परत येताना मी नाक्यावरून जिलेबी घेतली.

संध्याकाळी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाबांनी खिडकीखाली बोट दाखवलं.

"ह्यो पलंग कोणाचो? पावण्यांचो?"

"तुमचो," आई म्हणाली.

मी कॅमेरा खाली, अगदी उशीच्या उंचीवर आणला. आडवं पडल्यावर जे दिसेल तेच पडद्यावर दिसू लागलं: डोक्यावर छत, बाजूला खिडकी, पायथ्याशी दार. "परत दाखव," बाबा म्हणाले. मी परत दाखवलं. मग ते गॅलरीत गेले आणि कठड्याला टेकून आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कमिटीक सांगा, माझो होकार आसा!" आई पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले, जिलेबी खात खात.

आता नव्या घरात कोणी पहिल्यांदा आलं की बाबा त्याला बसूही देत नाहीत. आईचा आतला संडास राहतो बाजूला, आधी आपला पलंग दाखवतात. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर थाप मारून, माझ्याकडे बोट करून म्हणतात, "ह्या घर आधी माझ्या चेडवान काढल्यान, बिल्डरान मागसून बांधल्यान."