पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढीच माझी कर्तबगारी. पण आमच्या पासली गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला माझा पाय लागतो. माणूस पालथा पडतो, मी पाठीवर टाच टेकवते आणि तो ‘उतरली’ म्हणत उठतो. एरवी याच घरात माझा पाय चुकून थोरल्यांना लागला, तर लगेच वाकून नमस्कार करावा लागतो. उसणीपुरता तेवढा तो पवित्र. अकलेचे कांदे सगळे.

यंदा भातलावणीत सासरे खोकत खोकतच चिखलात उभे राहिले. मग ताप भरला, तोही त्यांनी काढ्यावर काढला. एका सकाळी उजव्या कुशीत अशी कळ धरली की श्वास अर्ध्यातच अडकायचा. खोकला आला की कूस दाबून धरायचे. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं.

सासूबाईंचं निदान तयारच होतं. “उसण भरलीया. आगं, पाय लाव.”

“आत्याबाई, उसणीला ताप येतो व्हय? छातीत कायतरी झालंय. दवाखान्यात न्या त्यास्नी.”

“वयनी, लावा की,” धाकटा दीर म्हणाला. “तुमचं काय जातंय?”

माझं काहीच जात नव्हतं, जाणार होते ते सासरे. मी पाय लावला असता तर सगळे निवांत होऊन खाचरात गेले असते आणि म्हातारा ओसरीवर कण्हत राहिला असता. शेजारणी गोळा झाल्या. “सुनंला माज आलाय,” एकीनं ऐकू येईल असं म्हटलं. सासरे तर सदरा वर करून भिंतीकडं तोंड करून पडलेच होते. त्यांचे ओठ काळपट पडले होते. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

मी चपला घातल्या आणि दिराच्या टेम्पोत जाऊन बसले. “माझा पाय भोरच्या दवाखान्यात चाललाय. ज्याला पायजे त्यानं टेम्पोत बसावं. तितं लावीन.”

माझं कुणी ऐकलं नसतं. पायाचं ऐकलं. सासऱ्यांना धरून आणून बसवलं, वाटेत कापूरहोळ येईपर्यंत ते प्रत्येक खड्ड्याला विव्हळत होते.

छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, न्यूमोनिया आहे, फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आलीय, म्हणून श्वास घेताना कळ येते. घरी ठेवलं असतं तर जिवावर बेतलं असतं. दीर मान डोलवत होता आणि मधूनमधून माझ्या पायांकडं बघत होता.

ताप उतरला, चेहऱ्यावर रंग आला, तसे सासरे कॉटवर कुशीवर वळले. “शबूद दिला व्हतास. लाव.”

सगळा वॉर्ड बघत होता. मी लावला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सलाईनची सुई हातात असतानाच म्हणाले, “आत्ता कुठं उतरली.”

आता ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “एवढी इंजेक्शनं टोचली, पर गुण आला त्यो सुनंच्या पायाला.” माणूस वाचलाय, बोलू दे, म्हणून मी गप्प राहते.

काल खालच्या आळीतली एकजण तान्हं लेकरू घेऊन आली. अंग तापलेलं, श्वासागणिक फासळ्या आत ओढल्या जात होत्या. तिनं ते माझ्या पायाशी ठेवलं आणि हात जोडले.

“दवाखान्यात दाखवलंस का?” मी विचारलं.

“कशाला, वयनी? तुमी हाय की.”