सापसुरळीचे मागचे पाय

आमच्या संग्रहालयाच्या तळघरात साडेचार हजार बरण्या आहेत आणि प्रत्येकीत स्पिरिटमध्ये कुणी ना कुणी पहुडलेलं आहे. त्या सगळ्यांची देखभाल बरणीकाका करायचे. स्पिरिट पिवळं पडलं की प्राणी बाहेर काढायचा, ओल्या अंगठ्यावरून शेपटीकडून डोक्याकडे एकदा फिरवायचा आणि ताज्या स्पिरिटात सोडायचा. एकतीस वर्षं हेच काम.

मी तिथे नवी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जंगलातून आलेल्या चार सापसुरळ्यांचा मी अभ्यास करत होते. करंगळीएवढ्या, पुढे दोन इवलेसे पाय, मागे काहीच नाही. अशी जात आमच्याकडे कुणी नोंदवलेली नव्हती. शोध मान्य झाला तर माझी हंगामी नोकरी कायम होणार होती. काका एकदा त्या बरणीकडे वळले, तशी मी त्यांच्यावर खेकसले आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली : हात लावू नये. काका पुढची बरणी उघडायला गेले.

वरिष्ठांसमोर शोध मांडायच्या आदल्या दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, मी हात लावलेला नाही. तुम्हीच लावा. अंगठा ओला करा नि शेपटीकडून उलटी फिरवा."

"काका, महिनाभर भिंगाखाली बघतेय मी."

"बघितलंत हो. हात कुठे लावलात?"

चडफडत मी एक फिरवली. शेपटीच्या अलीकडे अंगठ्याला काहीतरी अडलं. कुशीवरच्या बारीक खाचेत तांदळाच्या कणीएवढा पाय मिटून बसला होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच. चौघींनाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. उद्या भर सभेत कुणी हा पाय उचलून दाखवला असता, तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती. मागच्या कपाटात सापसुरळ्यांच्या दोन बरण्या आहेत, त्यातल्यांचेही पाय असेच लपतात. उद्या तुमचं हसं होईल, म्हणून राहवेना."

"मग आधीच सांगायचं ना."

"ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी शोधाऐवजी माझी चूक मांडली आणि ती कुणी पकडली तेही सांगितलं. नोकरी त्या वर्षी कायम झाली नाही, दोन वर्षांनी झाली. पण झाली ती काकांमुळे, हे मी कुणालाही सांगते.

मी कायम झाले त्याच वर्षी काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी ती जुनी चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. 'लावू नये' खोडून पुढे 'जरूर लावा' लिहिलं होतं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला परत दिली.

"मला कशाला? उद्यापासून हात तुम्हालाच लावायचाय."